चौथं नाव

दिवेआगरजवळच्या कोळीवाड्यातला बुधाजी हा एके काळचा नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या. जाळं ओढताना दोर हाताभोवती आवळला आणि उजवा हात कायमचा निकामी झाला. होडीवरची त्याची जागा एकुलत्या एका मुलाने, कान्हाने घेतली. बुधाजी टेकडीवरच्या नव्या रेडिओ केंद्रात राखणदार म्हणून लागला. साठ सालच्या सुमाराची ही गोष्ट.

केंद्रात घराएवढ्या दोन तबकड्या वायव्येला तोंड करून उभ्या होत्या. समोर नुसता समुद्र. दूर पलीकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर असंच दुसरं केंद्र होतं आणि दोघांमध्ये बोलणं जमतं का, याची चाचणी चालू होती. बुधाजीला त्याचं भारी नवल वाटे.

"साहेब, लांब गेलेल्या होडीचं शीडसुद्धा पाण्याआड जातं. मग आवाज कसा पोचतो?" त्याने एकदा विचारलं.

केंद्राचे इंजिनिअर दिनानाथ म्हणाले, "या मायक्रोवेव्ह लहरी उजेडासारख्या सरळच जातात, बुधाजी. पण डोंगराआड गाव असलं, तर दिवे दिसत नसूनही वरच्या धुक्यात उजेड पसरलेला दिसतो ना? तसंच आहे. उंचावर हवा सगळीकडे सारखी नसते. कुठे ऊन, कुठे गार, कुठे दमट. तिथे या लहरी विखुरतात. बहुतेक आभाळात निघून जातात, पण एखादा कण क्षितिजापलीकडे खाली उतरतो. तेवढा वेचायला एवढ्या मोठ्या तबकड्या लागतात."

"म्हणून आवाज मधीच बुडतो व्हय?"

"हवा सारखी हलते ना. म्हणून तर दोन तबकड्या. एकीत बुडाला, तर दुसरीत सापडतो."

त्या कार्तिकात समुद्रावर वादळ उठलं. सगळ्या होड्या परतल्या, कान्हाची तेवढी आली नाही. तिच्यावर कान्हाबरोबर रावजी, चंदर आणि अनंता होते. दोन्हीकडचे तारेचे खांब आडवे झाले होते. कुठूनही खबर मिळेना. बुधाजी टेकडी चढून गेला आणि दिनानाथांना विनवू लागला. चाचणी बाजूला ठेवून दिनानाथांनी पलीकडे विचारणा केली. तिकडच्या माणसांनी आसपासच्या बंदरांत चौकशी करायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. खरखरीतून आवाज वर यायचा, पुन्हा खाली जायचा. वाहत गेलेली एक होडी मिळाली होती. माणसं जिवंत होती. रावजी. चंदर. अनंता. मग नुसती खरखर.

"चौथं नाव बुडालं असंल, साहेब," बुधाजी घाईने म्हणाला. "परत विचारा."

दिनानाथांनी परत विचारलं. या वेळी आवाज स्वच्छ आला. तिघंच होते. चौथा वाटेतच लाटेबरोबर गेला होता.

टेकडी उतरून बुधाजी आधी रावजीच्या घरी गेला, मग चंदरच्या, मग अनंताच्या. "तुमचा पोर जिता हाय," एवढंच प्रत्येक दारात सांगितलं आणि कोणी काही विचारायच्या आत पुढे निघाला. मागे बायाबापड्यांचा रडण्याहसण्याचा एकच गलका उठला.

तो गलका चंद्राबाईने, त्याच्या बायकोने ऐकला होता. ती हसतच दारात आली.

"आपला कान्हा कवा येतो?"

बुधाजीने पायरीवर बसकण मारली. त्याचं तोंड पाहिल्यावर तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

पुढे एकदा ती त्याला म्हणाली, "तुमचं ते यंत्र नसतं, तर मला अजून वाट तरी बघता आली असती."

पुढच्या साली चाचणी संपली आणि तबकड्या उतरवून नेल्या. बुधाजी किनाऱ्यावर डाव्या हाताने जाळी शिवत बसू लागला. अनंता अधूनमधून मदतीला येई, पण चंद्राबाई दिसली की मान खाली घाली.

एका दुपारी तिने अनंताला भाकरी वाढली आणि समोर बसली.

"अनंता, जाताना काय बोलला रे तो?"

बुधाजीचा हात जाळ्यातच थांबला.

"काय न्हाय, काकी," अनंता म्हणाला. "सुकाणू मोडलं होतं. ते धरून होता. आमच्याकडं बघायला त्याला फुरसतच न्हाय मिळाली."

चंद्राबाईने मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी कालवण घातलं.