प्रकृती उत्तम

"तुम्ही दोघी तिथंच थांबा. पायरीवर."

डॉक्टर खुर्चीतून उठलेही नाहीत. आमच्या आधी अठरा मुली आत गेल्या. प्रत्येकीच्या छातीला नळी लागली, पाठीवर बोटं वाजली. सेवंता आणि मी मात्र पायरीवर. उन्हात. आम्ही महारवाड्यातल्या.

"जीभ दाखवा."

आम्ही लांबूनच दाखवली, त्यांनी लांबूनच पाहिली. दोघींच्या कागदावर लिहिलं, प्रकृती उत्तम.

कल्याणच्या, मास्तरीण होऊ पाहणाऱ्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातली ही गोष्ट. स्वातंत्र्य येऊन चार वर्षं झालेली. शिवाशिव कायद्यानं बंद झाली, हे नागरिकशास्त्राच्या तासाला आम्हीच पाठ म्हणून दाखवायचो. सेवंता कोपरकडची. सातवी पास झालेली तिच्या वस्तीतली पहिली मुलगी. वसतिगृहात आम्हा दोघींना टोकाची खोली दिलेली. तिला रोज संध्याकाळी ताप चढायचा. छाती धरून खोकायची.

मी पायरीवरून म्हटलं, "डॉक्टर, हिला ताप येतो. महिना झाला."

त्यांनी मान वर केली नाही. वसतिगृहाच्या बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांना म्हणाले, "आयतं जेवण मिळालं की यांना आळस चढतो. कवायतीला पाठवा हिला."

मी गप्प बसले.

सेवंता कवायतीला जाऊ लागली. एकदा मैदानातच मटकन खाली बसली. मी बाईंकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी तोच कागद पुढे केला. "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

दिवाळीच्या आधी तिच्या रुमालात रक्त पडलं. तिनं तो मुठीत दाबला.

"कुणाला सांगू नको गं. घरी धाडतील मला."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला ठाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "क्षय आहे. फार पसरलाय. आधी कुणी तपासलंच नाही का हिला?"

पौषात सेवंता गेली. एकोणीस वर्षांची होती.

जूनमध्ये पुन्हा तपासणी. तेच डॉक्टर. पायरीवर आता मी एकटी.

"जीभ दाखव."

मी तोंड मिटून उभी राहिले.

"ऐकू येत नाही?"

"आधी नळी लावा," मी म्हटलं. "नाहीतर लिहा, तपासली नाही. सेवंतालाही तपासलं नव्हतं, तेही लिहा."

आवाज फाटला. मागे मुली होत्या, सेवंताबरोबर शिकलेल्या. एकही पुढे आली नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी खोलीत बोलावलं. "माफी लिहून दे. सेवंताला डॉक्टरांनी नीट तपासलं होतं, मी खोटं बोलले, एवढंच. नाहीतर नाव कमी करावं लागेल. आठ दिवस देतो."

मी घरी, ठाण्याला आले. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. आई म्हणाली, "लिवून दे बाय. ती पोर काय परत यायची हाय?"

तिनं लोकांच्या विटा वाहून मला शिकवलेलं. सात दिवस मी रडले. चिडून नाही, काही सुचत नव्हतं म्हणून. एकदा तर पेन उघडलं, तारीख घातली. पुढे हात चालेना.

आठव्या दिवशी जाऊन सांगितलं, "लिहिणार नाही."

नाव कमी झालं. मी मास्तरीण झाले नाही. डॉक्टरांचं काही बिघडलं नाही, पुढेही ते वर्षानुवर्षं तिथं येत राहिले.

लोक अजून विचारतात, चार ओळी लिहिल्या असत्या तर काय गेलं असतं? माझं काही गेलं नसतं. पण मग सेवंता ढोंगी होती, आपल्या आळसानं मेली, हे माझ्या अक्षरात राहिलं असतं. ती मेली, कारण तिला कुणी हात लावला नाही. मी हेच सांगत आले. विचारा, न विचारा, हेच सांगेन.