हरिकेनची धुरकट काच

आमच्या मंडळात पाचच माणसं आहेत, पण नियम पन्नास माणसांच्या मंडळाला पुरतील एवढे. त्यातला एक कार्डाचा. वर्षातून एकदा आम्ही बोरीवलीतल्या एका शाळेचा हॉल दोन दिवस घेतो आणि आपापली विमानं मांडतो. सगळी लढाऊ, सगळी युद्धातली, बहुतेक मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी. प्रत्येक विमानापुढे एक कार्ड असतं. वर विमानाचं नाव आणि आघाडी, खाली बनवणाऱ्याचं नाव, आणि सगळ्यात खाली एक रकाना: 'चुका'. आपल्याला ठाऊक असलेल्या चुका आपणच तिथे लिहायच्या. खऱ्या लिहायच्या आणि सगळ्या लिहायच्या.

हा नियम काकांचा. काका म्हणजे मंडळ ज्यांच्या घरी भरतं ते. वय सत्तरीच्या पुढे, सरकारी कचेरीतून निवृत्त, बोरीवलीत तीन खोल्यांचं घर. रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं जातं आणि आम्ही कामाला बसतो. "बघायला येणाऱ्यात एक तरी शहाणा असतो," काका म्हणतात. "त्याच्या बोटाआधी आपलं बोट पोचलं पाहिजे."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. साच्यातून प्लॅस्टिकची झाकणं काढतो: बाटल्यांची, डब्यांची. तिथे मी हेल्पर म्हणून लागलो, लेथ शिकलो, साचे शिकलो, आणि ज्या गाळ्यात झाडू मारला त्याच्या शेजारचा गाळा घेतला. गिऱ्हाईक विचारेपर्यंत मालातली खोट बोलायची नाही, हे मी तिथे शिकलो. गिऱ्हाइकाने विचारलीच, तर भावात सांभाळून घ्यायची.

विमानांकडे मी आलो तो धंद्यासाठीच. एकाला खेळण्यातलं विमान काढायचं होतं, म्हणून नमुन्याला परदेशी किट आणलं. साचा कुठे उघडतो आणि तुकडा साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे ठसे कुठे पडलेत, ते बघायचं होतं. ऑर्डर काही आली नाही. किट पडून होतं, ते जोडायला घेतलं. मग दुसरं आणलं. प्लॅस्टिकचा तुकडा बघून साचा कुणी घाईत केलाय आणि कुणी जीव लावून, ते मला कळतं. मंडळातल्या बाकीच्यांना ते कळत नाही, आणि मी ते त्यांना वरचेवर सांगतो. म्हणून मी त्यांना फारसा आवडत नाही. माझा आवाजही मोठा आहे.

काका दोन वर्षं एकच विमान करत होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं हरिकेन. काकांचे वडील युद्धात हवाई दलात फिटर होते, आणि त्यांचा एकच फोटो उरलाय: हरिकेनच्या पंख्याला टेकून उभे, मागे विमानाच्या कुशीवरचा अर्धा नंबर. तेच विमान काकांना करायचं होतं. आतले टाचणीच्या डोक्याएवढे डायल त्यांनी भिंगाखाली रंगवले. पायलटच्या सीटचे पट्टे चहाच्या पुड्याच्या चंदेरी कागदातून कापले. वयाने हात थरथरायला लागला होता, म्हणून मनगटाखाली उशी घेऊन बसायचे. यानंतर आपण करणार नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी हरिकेन जवळजवळ संपलं होतं. काच बसली होती. काच म्हणजे पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक टोपी, प्लॅस्टिकचीच. साडेबाराला टेबल मोकळं करायचं, हा त्या घरातला खरा नियम. काकू ताटं घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी वर्तमानपत्र ओढलं, आणि हरिकेनच्या चाकाचा पाय मोडला.

"लाव रे पटकन," काका मला म्हणाले. "साधा गोंद घट्ट व्हायला संध्याकाळ होईल. सुपरग्लू लाव."

मी लावलं. पाच मिनिटांत पाय उभा राहिला. विमान त्यांच्या हातात देताना मी म्हणालो, "काका, आज उघडं ठेवा. डब्यात घालू नका." हे मी म्हणालो होतो.

सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते. बंद जागेत ती वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरी बुरशी आल्यासारखी साय धरते. आमच्यात प्रत्येकाचं एक तरी विमान असं गेलेलं आहे. काकांनी हरिकेन लाडवांच्या हवाबंद डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि जेवायला बसले.

पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते. काच धुरकट झाली होती. बाहेरून काकांनी पॉलिश करून पुसली होती, पण आतली साय तशीच होती. आतून पुसायला ती सोडवायला गेले, तर पातं सरकून मागच्या कोपऱ्यात तडा गेला.

"तू सुपरग्लू लावलंस," काका म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून लावलं. आणि उघडं ठेवा म्हणून सांगितलं होतं मी."

"मला नाही सांगितलंस."

"अहो, हातात देताना सांगितलं!"

मंडळात घाटकोपरची एक दातांची डॉक्टर आहे. तिची दातांची हत्यारं आमच्या कामाला फार उपयोगी पडतात. पाय मोडला त्या रविवारी ती माझ्या शेजारीच बसली होती.

"डॉक्टर, तू तिथंच होतीस ना? सांग."

"मी हात धूत होते रे. तू म्हणाला असशील. मला नाही आठवत."

"असशील म्हणजे काय? मी म्हणालो!"

"ओरडू नकोस. शेजारी भजन चाललंय."

"झालं ते झालं," काका म्हणाले. "तुझं सगळं काम घाईचं. झाकणं काढायची सवय."

मी माझा चिमटा, पाती आणि भिंग पिशवीत टाकलं आणि निघालो. लिफ्टमध्येच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. झाकणं काढतो म्हणून मला आजवर धंद्यातल्या लोकांनीही हिणवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरचा फोन आला. "ऐक ना, म्हाताऱ्याने सगळीकडे विचारलं. त्या किटची सुटी काच कुठेच मिळत नाही. प्रदर्शन तोंडावर आलंय. कार्ड लिहून ठेवलंय त्याने."

"काय लिहिलंय चुकांमध्ये?"

"काच धुरकट, सुपरग्लूमुळे."

"सुपरग्लूमुळे. आणि सुपरग्लू कुणी लावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"तू ना, वेडा आहेस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी काच करायला घेतली. काकांचं भलं करावं असं माझ्या मनात नव्हतं. हातात काहीतरी असल्याशिवाय मी सौदा करायला बसत नाही. पितळेचा तुकडा घेऊन काचेच्या आकाराचा साचा कापला आणि आरसा दिसेपर्यंत घासला. शेजारच्या गाळ्यात पॅकिंगची पारदर्शक आवरणं काढतात. त्यांच्या मशीनवर दुपारच्या सुट्टीत पातळ शीट तापवून माझ्या साच्यावर ओढली. पहिल्यात बुडबुडे आले, दुसरी पांढरी पडली, मग एक फाटली. ज्या दिवशी शीट तापत असताना कुणी माझ्याशी बोललं नाही, त्या दिवशी जमली. पाण्यासारखी स्वच्छ आली. काचेवरच्या चौकटीच्या पट्ट्या रंगवल्या आणि कापसात घालून ती एका छोट्या डबीत ठेवली.

शनिवारी काकांकडे गेलो. डबी टेबलावर ठेवून उघडली. काकांनी चष्मा वर केला, भिंग लावलं, आणि बराच वेळ बघितलं.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं. मला ते बरोबर ओळखतात.

"कार्डावर ओळ बदला. 'उघडं ठेवायला सांगितलेलं असूनही डबा बंद केला. चूक माझी.' खाली तुमचं नाव आहेच."

काका हसले. "ही काच लावल्यावर धुरकट काच राहिली कुठे? मग ती चूक कार्डावर कशी लिहू? जी चूक विमानात नाही ती लिहायची नाही."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. समोरच्याला आपल्याआधी मुद्दा सुचला की सौदा निम्मा गेलेला असतो. मी चिडलो.

"मग जुनीच राहू द्या, आणि लिहा."

"म्हणजे तुझं नाव धुण्यासाठी मी माझ्या बापाचं विमान आंधळं ठेवू?"

"माझं नाव कुणी मळवलं?"

"अरे, मला आठवतच नाही तू म्हणालास ते! जे आठवत नाही ते कसं लिहू? कार्डावर खोटं लिहायचं नाही."

मी डबी बंद करून खिशात घातली. काकू आतून म्हणाल्या, "चहा टाकलाय, घेऊन जा." मी घेतला नाही. नंतर वाटलं, घ्यायला हवा होता. काकूंशी माझं काही भांडण नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी गेलो. माझी दोन विमानं डॉक्टरने आधीच मागून नेऊन मांडली होती, म्हणून गेलो असं मी स्वतःला सांगितलं. डबी खिशात होती. हरिकेन मधल्या टेबलावर होतं. समोर वडिलांचा फोटो. मी कार्ड वाचलं.

चुका: एक. कुशीवरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे अंदाजाने. दोन. काच धुरकट. उघडं ठेवायला सांगितलेलं असूनही डबा बंद केला. चूक माझी.

माझे शब्द, जसेच्या तसे. मी ते तीनदा वाचले. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते सगळ्यांपुढे होतं.

काका खुर्चीवर बसून होते, माझ्याकडे बघत नव्हते. लोक येत होते. हरिकेनपाशी वाकायचे, आत डोकावायचे, आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. आत बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. एका बाईने बरोबरच्या माणसाला विचारलं, "आत काही केलेलंच नाही का?" तो म्हणाला, "काच खराब झालीय, ते बघ, लिहिलंय." मी अकरा वाजल्यापासून तिथे उभा होतो. दोन वर्षांचे डायल, चंदेरी पट्टे, सगळं त्या सायीखाली होतं, आणि माझं नाव स्वच्छ होतं.

एक वाजता जेवणासाठी हॉल बंद झाला. मी डबी डॉक्टरच्या हातात दिली. तिने पिशवीतून दातांची हत्यारं काढली, जुनी काच सोडवली, आणि पांढऱ्या गोंदाचे चार ठिपके लावून नवी बसवली. सुपरग्लूचं नाव कुणी काढलं नाही. मग आम्ही तिघे वाकून आत बघत होतो. डायलवरचे काटेसुद्धा दिसत होते.

काकांनी कोरं कार्ड घेतलं.

"आधीचं मला द्या," मी म्हणालो.

"कशाला?"

"माझ्याकडे राहू दे."

काकांनी ते कार्ड उचललं आणि फाडून दोन तुकडे केले. "खोटं आहे ते."

"खोटं कसं?"

"तू सांगितलं होतंस का, ते मला आजही आठवत नाही. पण हे वाचलंस की तुझ्या खिशातून काच निघणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून लिहिलं. सौदा करायला तुझ्याकडूनच शिकलो."

माझा आवाज चढला. काय काय बोललो ते आठवत नाही. शाळेचा शिपाई दारातून डोकावून गेला. डॉक्टर मध्ये पडली. "बस रे आता. काका, तुम्हीसुद्धा हद्द केलीत हं." माझं बोलून होईपर्यंत काका भिंगातून नवी काच बघत बसले होते.

"मागची पट्टी जाड झालीय रे," ते म्हणाले.

झाली होती. रंगवताना टेप सरकली होती आणि पट्टी केसभर जाड आली होती. गाळ्यातच माझ्या लक्षात आलं होतं. कुणी विचारेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"मग लिहू?"

"लिहा."

"कुणाची म्हणून?"

"माझी. माझं नाव घाला."

काकांनी मनगटाखाली रुमाल ठेवला आणि सावकाश लिहिलं: काचेची मागची पट्टी प्रमाणापेक्षा जाड, आणि पुढे माझं पूर्ण नाव. आडनावात त्यांनी चूक केली नाही. मग पेनाला टोपण लावून ते जेवायला गेले.

मी आता परत रविवारी जातो. उघडं ठेवायला मी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणते, असेल रे. काका काहीच म्हणत नाहीत.