भिंतीवरच्या बाई

मराठी शाळेच्या सेक्रेटरींनी बाईंना फसवलं. माझ्या दुकानात, माझ्या समोर, मी मागवलेला चहा पीत फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात दुसरीच गोष्ट फिरते आहे. बाई म्हणे स्वतःहून गेल्या! ज्या बाई मनासारखी वस्तू घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायच्या नाहीत, त्या स्वतःहून शाळा सोडतील?

माझं धारवाडात सुभाष रोडवर टीव्ही, माइक, कॉम्प्युटरचं दुकान आहे. लग्नाच्या मांडवात दुसऱ्याचे स्पीकर डोक्यावरून वाहत मी इथवर आलो. गिऱ्हाईक आत येतानाच मला कळतं, हा किती ताणणार आणि कुठं मोडणार. बाईंच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी हरलो.

त्या पहिली-दुसरीला एकाच वर्गात शिकवायच्या. कॉलरला लावायचा माइक हवा होता. घसा बसायचा म्हणून.

"आवाज कुठवर जातो, अण्णा?"

"शेवटच्या बाकापर्यंत, बाई. गॅरंटी."

"बघूया की मग."

पदराला माइक अडकवून त्या सरळ रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि फुलवालीच्या शेजारी उभ्या राहिल्या. मधून रिक्षा, बस, सगळं चाललेलं. माझ्या दुकानातल्या स्पीकरमधून आवाज आला, "अण्णा, ऐकू येत असलं तर हात वर करा बघू." दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मी हात वर केला. तुम्हालाही ऐकू येतंय का, असं बाईंनी फुलवालीला कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, निमगू केळस्तदेनु?" तिनंही हातातला गजरा सोडून हात वर केला. सगळा रस्ता हसायला लागला. आता हात वर करून उभा असलेला माणूस भाव कसा करणार, तुम्हीच सांगा. बाई म्हणतील त्या भावाला माइक गेला.

तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. पिशवीत दोन डबे, एकात भाकरी आणि दुसऱ्यात वायरी. एकदा मधल्या सुट्टीत घाईघाईनं वायरींचा डबा उघडून बसल्या आणि पोरं म्हणाली, बाई, आज शेवया? हे त्यांनीच मला सांगितलं, पोट धरून हसत.

पुढं शाळेनं त्यांच्या वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही लावून घेतला. तो बसवायला मीच गेलो होतो. बाई गणित घेत होत्या. धारवाडहून हुबळीच्या बसमध्ये दहा जण चढले, नवनगरला चार उतरले, उरले किती? रेणुका नावाची पहिलीतली एक मुलगी उभी होती आणि काही केल्या बोलत नव्हती. बाकीची पोरं "मी सांगू, बाई? मी सांगू?" म्हणून नाचत होती. शिडीवर उभा राहून मीसुद्धा बोलणारच होतो.

"गप बसा सगळे," बाई म्हणाल्या. "ती वाटेत आहे."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पोर अडलं की ते चुकलं म्हणायचं नाही, वाटेत आहे म्हणायचं. वर्ग गप्प झाला. पंखा तेवढा कुरकुरत होता. इतका वेळ मी कुठल्या गिऱ्हाइकासाठीसुद्धा थांबलो नसतो. शेवटी रेणुका पुटपुटली, "आरु."

घरी कन्नड बोलणारी पोर, आकडा कन्नडमध्येच आला. पोरं खिदळली. बाईंनी एकदाच डोळे मोठे केले. "आरु म्हणजे सहा. बरोबर आहे. पोचली की नाही बसमधनं? बस खाली."

टीव्ही आला म्हणून बाई बावरल्या नाहीत, उलट लहान मुलासारख्या खूश झाल्या. मोबाइल टीव्हीला जोडून पोरांच्या पाट्या त्या भिंतीएवढ्या करून दाखवायच्या. स्वतःचा वाकडा 'अ' एवढा मोठा झालेला बघून पोर छाती काढून बसायचं. समुद्र दाखवला, देवमासा दाखवला. इंटरनेटवरचे तयार पाठही त्यांनी आणून पाहिले. त्यातल्या एकात एक ससा होता. प्रश्न विचारायचा आणि लगेच "शाब्बास!" म्हणून उडी मारायचा.

"अण्णा, ह्याला काय घाई आहे हो?" बाई मला म्हणाल्या. "उत्तर कुणी दिलंच नाही, आणि हा शाब्बास कुणाला म्हणालाय?"

तेव्हा त्यांनी स्वतःच पाठ तयार करायचे ठरवले. रविवारी मी दुकान बंद ठेवायचो आणि मागच्या खोलीत त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायच्या. पहिल्या रविवारची गंमत सांगतो. प्रश्न विचारला आणि गप्प. नुसत्या बघत उभ्या. मला वाटलं, विसरल्या.

"बाई, पुढं?"

"अण्णा! तुम्ही मध्ये बोललात. पोर विचार करत होतं."

"कुठलं पोर, बाई?"

"हे काय, समोर बसलंय की," असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेकडे बोट केलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. प्रत्येक प्रश्नानंतर त्या थांबायच्या, आणि त्या थांबण्यात चेहरा असा असायचा, की काचेपलीकडं खरंच कुणी बोटं मोजतंय. मी धंद्यातला माणूस, पण तेवढा वेळ श्वास धरून बसायचो.

एका रविवारी सेक्रेटरी पाठ बघायला आले. बाई कायम नव्हत्या. दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक, दर उन्हाळ्यात जीव टांगणीला. सेक्रेटरी खूश झाले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बाई, वर्षभराचे पाठ असेच करून टाका. पालकांना दाखवायला होतील, पोरं वाढतील. येत्या जूनला तुम्हाला कायम केलं समजा. हे अण्णा साक्षीला आहेत बघा."

मला साक्षीला त्यांनीच धरलं. मी नव्हतो मागे लागलो.

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, लिहून घ्या त्यांच्याकडून."

"काहीतरीच काय, अण्णा! शाळा आहे ती. तुमचं दुकान नव्हे."

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण आज विचारतो, दुकानात काय वाईट असतं? या रस्त्यावर तोंडानं सांगितलेला भाव दुसऱ्या दिवशी माल महागला तरी पाळतात. जो पाळत नाही त्याच्याकडं फुलवालीसुद्धा सुटे पैसे ठेवत नाही. माइकच्या बॅटरीसाठी माझ्याशी हुज्जत घालणारी ही बाई, स्वतःच्या नोकरीसाठी एक शब्द जास्त बोलली नाही.

दर रविवारी उभं राहून बाईंनी सगळे पाठ पुरे केले आणि शाळेला दिले. जून आला. एके दिवशी शाळेतून फोन आला, टीव्हीचा आवाज घरघरतोय, येऊन बघा. मी वर्गात गेलो. भिंतीवर बाई होत्या, माझ्याच मागच्या खोलीत उभ्या. मला वाटलं पाठ लावून त्या बाहेर गेल्या असतील. दारात स्टुलावर आयाबाई बसली होती, हातात रिमोट.

"बाई कुठं गेल्या, अक्का?"

"ह्याच की बाई," तिनं भिंतीकडं रिमोट केला. "दुसऱ्या आता नाहीत. मला लावायला आणि बंद करायला ठेवलंय."

मी मागच्या बाकाशी उभा राहिलो. भिंतीवरच्या बाईंनी प्रश्न विचारला. आणि लगेच टाळ्यांचा कडकडाट, लगेच पुढचा प्रश्न. मी चक्रावलो. बाईंचं थांबणं कुणीतरी कापून टाकलं होतं! एका पोराचा हात अर्धा वर गेला आणि तसाच खाली आला. पुढच्या प्रश्नाला तो वर गेलाच नाही. काही पोरं खिडकीबाहेर बघत होती. या बाईंच्या वर्गात खिडकीबाहेर बघणारं पोर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि ऑफिसात गेलो.

"काय हे, सर? बाईंना कायम करणार होता ना?"

"अहो, पाठ इतके छान झालेत, की आता बाईंची गरजच उरली नाही," सेक्रेटरी हसत म्हणाले. वर कौतुक! "हुबळीच्या एका मुलाकडनं नीट करून घेतले. मध्ये मध्ये बाई नुसत्याच बघत उभ्या होत्या, ते सगळं काढलं. तासाचा पाठ निम्म्यावर आला."

"ते काढलं म्हणजे शिकवणंच काढलं की!"

"अण्णा, तुम्ही आवाज दुरुस्त करा. शिकवणं आम्ही बघतो."

मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. शिपाई धावत आला एवढं सांगतो. आवाज मी दुरुस्त केला नाही आणि करणारही नाही.

बाई आता हुबळीला दाजीबानपेठेत नात्यातल्या एका कापड दुकानात बसतात. मी गेलो तेव्हा काउंटरवर साड्यांच्या घड्या घालत होत्या. आधी चहा मागवला, मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "भांडून आलात ना? बीपी आहे तुम्हाला."

"तुमच्यासाठी भांडलो, बाई."

"माझं सोडा हो." त्यांनी घडी अर्धी ठेवली. "रेणुका बोलते का वर्गात?"

वर्गात बोलायला आता समोर आहे कोण? ती कुणाशी बोलणार? मी खाली बघितलं, आणि बाईंना कळलं. त्या पुन्हा घडी घालायला लागल्या. तीच घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. मालकानं आतून हाक मारली, तशा उठून गेल्या.

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही मला साक्षीला धरलंत, तर साक्ष ही अशी आहे. बाईंचा आवाज तुम्हाला हवा, चेहरा हवा, पालकांना दाखवायला त्यांचं हसू हवं, आणि बाई तेवढ्या नकोत. एक तर त्यांना कायम करून वर्गात आणा, नाहीतर त्यांचा चेहरा त्या भिंतीवरून आजच उतरवा. याच्यात घासाघीस नाही. दोन्हीतलं काय करणार ते पालकांच्या सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर सांगा. मी येणार आहे. पालक नसलो तरी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.