दांडीवरचं नाव

या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये म्हणतात. पण आपल्या लोकांनी दिलेलं पातेल्यालासुद्धा कळल्याशिवाय राहत नाही. कलकत्त्याच्या मराठी मंडळात चहाचं पातेलं, भिंतीवरचं घड्याळ, गणपतीचा चौरंग, सगळ्यांवर कुणा ना कुणाचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. भालचंद्र केतकर याची भारी टिंगल करायचा. "आपण मंडळात येतो की स्मशानात?" असं तो एकदा भर बैठकीत म्हणाला होता आणि लोक हसलेही होते. पुढे आपल्यावर काय वेळ येणार, हे त्याला काय ठाऊक!

भालचंद्र सांगलीचा. केंद्र सरकारच्या नोकरीत लागला आणि पहिलीच नेमणूक कलकत्त्याला. भवानीपुरात एक खोली, खानावळीतलं मोहरीच्या तेलातलं जेवण आणि सायकलचं वेड, एवढाच त्याचा संसार. त्यात रविवार तेवढा सुखाचा. रविवारी तो श्यामराव हर्डीकरांकडे जेवायला जायचा. श्यामराव इथलेच, आजोबांपासून कलकत्तेकर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला, शकुनकाकूंना, मूलबाळ नव्हतं. भालचंद्र आला की त्या गरम भाकरी थेट तव्यावरून त्याच्या ताटात टाकायच्या आणि त्याच्या शर्यतीच्या गप्पा ऐकायच्या. हा पठ्ठ्या ऑफिसला जायच्या जड सायकलवर क्लबाच्या शर्यतीत उतरायचा आणि दरवेळी मागून मोजावा लागायचा. काकू म्हणायच्या, "अहो, याला एक धड सायकल हवी."

त्र्याहत्तर साली काकू गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी श्यामराव बेंटिंक स्ट्रीटवरून हिरवीगार, वाकड्या हँडलची नवीकोरी रेसिंग सायकल घेऊन भालचंद्रच्या दारात उभे राहिले. भालचंद्रने आनंदाने हँडल हातात घेतलं. तेवढ्यात त्याची नजर वरच्या दांडीवर गेली. पिवळ्याजर्द रंगात, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. सौ. शकुन श्यामराव हर्डीकर यांच्या स्मरणार्थ'.

"पेंटरला देवनागरी येईना," श्यामराव म्हणाले. "मग मीच बसलो ब्रश घेऊन. बरं आलंय ना?"

"छान आलंय, काका," भालचंद्र म्हणाला आणि मनातून मेला.

नव्या सायकलवरून पहिली शर्यत जानेवारीत होती, बागबाजारहून बजबजपर्यंत. क्लबातली पोरं मोठी तिखट. कुणी नवे बूट घालून आला तरी त्याला महिनाभर टोपणनाव चिकटायचं. आपण मेलेल्या बाईची पाटी मांड्यांमध्ये धरून पेडल मारतोय, हे चित्र भालचंद्रच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने हँडलला गुंडाळतात ती काळी चिकट कापडी पट्टी आणली आणि दांडीवर घट्ट गुंडाळली. रंगाला चरे पडू नयेत म्हणून, असं त्याने स्वतःलाच बजावलं. 'हर्डीकर' झाकताना काही वाटलं नाही. 'शकुन' झाकताना मात्र काकूंच्या भाकऱ्या आठवल्या. लाज वाटली. पण क्लबाची भीती त्या लाजेपेक्षा मोठी होती आणि त्याने पट्टीचा वेढा पुरा केला.

शर्यतीच्या सकाळी बागबाजारच्या घाटावर गंगेवरून दाट धुकं आलं होतं. सायकली दवाने भिजल्या होत्या. क्लबाचा कप्तान शरच्चंद्र मित्र प्रत्येकाची सायकल तपासत आला. भालचंद्रच्या दांडीवरची पट्टी ओली होऊन तिचं टोक लोंबत होतं. "हे चेनमध्ये जाईल," म्हणत शरच्चंद्रने ते टोक ओढलं. गोंद कधीच सुटला होता. सगळी पट्टी सरसर उलगडून त्याच्या हातात आली.

पिवळी अक्षरं उघडी पडली. पोरं जवळ सरकली. भालचंद्रने मान खाली घातली आणि हसण्याची वाट पाहू लागला.

शरच्चंद्र शाळेत संस्कृत शिकलेला. त्याने एकेक अक्षर लावत नाव वाचलं आणि 'स्मरणार्थ'पाशी थांबला. तो शब्द त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मागच्या पोरांनीही डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कुणीसुद्धा हसलं नाही.

"आपनार मा?" शरच्चंद्रने हळूच विचारलं.

आता खरं तर 'हो' म्हटलं असतं तरी कुणाचं काय बिघडणार होतं? गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण भालचंद्र इतके दिवस ज्या हसण्याला घाबरत होता ते अजून त्याच्या कानात होतंच. त्याच्या तोंडून घाईघाईने निघालं, "छे छे! माझी आई आहे गावी. ही आपली अशीच, ओळखीची एक बाई."

आणि मागे खोकला ऐकू आला. श्यामराव होते. पहिली ट्राम पकडून शर्यत बघायला आले होते, गळ्याभोवती मफलर, हातात चहाचा थर्मास. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोघं बोलत होते ते बंगालीत, आणि श्यामरावांचं बंगाली भालचंद्रपेक्षा कितीतरी चांगलं होतं.

"हो, ओळखीचीच," ते शरच्चंद्रला म्हणाले. "रविवारी जेवायला यायचा हा आमच्याकडे."

मग थर्मास खाली ठेवून त्यांनी शरच्चंद्रच्या हातातली पट्टी घेतली, गुडघे धरत सायकलपाशी बसले आणि ती पुन्हा दांडीवर गुंडाळू लागले. ओली पट्टी चिकटेना, तेव्हा मफलरने पुसून, अंगठ्याने दाबून दाबून बसवू लागले. भालचंद्रला वाटलं, या घाटावरून आत्ताच्या आत्ता गंगेत उडी घ्यावी.

"काका, राहू द्या ना उघडंच," तो कसाबसा म्हणाला. "माझं चुकलं. काका, मी..."

"तुझं कसलं रे?" श्यामराव मान वर न करता म्हणाले. "ती असती तर रंग लावायच्या आधी तुला विचारलं असतं तिने. मला सुचलंच नाही."

शिट्टी वाजली. पोरं निघाली. भालचंद्र तिथेच उभा होता, कारण श्यामरावांचा शेवटचा वेढा अजून पुरा व्हायचा होता.