काचेच्या दालनात माय

हैदराबादला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा भूकंपाला काही वर्षं उलटली होती. औशाजवळच्या आमच्या गावात नवी पक्की घरं मिळाली होती, पण माय अजून त्यात झोपत नव्हती. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीतच तिला झोप लागायची. दगडाच्या घरात आजी-आजोबा गेले ते तिच्या डोळ्यांसमोर.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. तिथल्या एका सरांनी मला पेपर तपासायचं काम दिलं, त्यावर माझं कॉलेज झालं. हैदराबादचा अर्जही त्यांनीच आणून दिला. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण माय म्हणाली होती, "जागा बघीन, मंग सांगीन."

वसतिगृहात मला खोली मिळाली ती तिसऱ्या माळ्यावर. माय पहिल्या जिन्यापर्यंत आली आणि खाली बसली.

"इतक्या वर म्या लेकरू ठेवीत न्हाई."

खालच्या खोल्या भरल्या होत्या. पैसे भरायची खिडकी दुपारी उघडणार होती. तोवर तिचं मन वळवायचं होतं, आणि कसं ते मला सुचत नव्हतं. जवळच जुन्या नक्षीदार वस्तूंचं मोठं संग्रहालय होतं. थंडावा असेल, बसायला मिळेल, म्हणून तिला तिथं नेलं.

ते चुकलंच असं लगेच वाटू लागलं. जाड भिंती, उंच छत, डोक्यावर झुंबरं. मी हस्तिदंती खुर्च्या दाखवत होते, चांदीच्या अत्तरदाण्या दाखवत होते. माय प्रत्येक दालनात शिरताना आधी दरवाजा बघत होती.

वरच्या मजल्यावर चिनी मातीच्या भांड्यांचं दालन होतं; माझ्या आग्रहाखातर माय कठडा धरून तिथवर आली. कपाटामागून कपाट, त्यात पातळ कप. तिथं ती जरा थांबली.

"एवढ्याशा कपात कुणाचं भागत असंल गं?"

"राजे लोक होते, माय."

"मंग घोट घोट पेत बसत असतील. कामं कुठं होती त्यांना."

ती हसली. आता विषय काढावा असं मला वाटलं, आणि तेवढ्यात कपाटातले कप किणकिणले.

आमच्याकडे त्या रात्रीनंतर लोक उशाशी तांब्यावर पेला उपडा ठेवून झोपायचे. पेला वाजला की उठायचं आणि बाहेर पळायचं, विचार करत बसायचं नाही. मायनं विचार केला नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंची मुलगी तिनं कडेवर उचलली, माझा दंड धरला आणि "भाहीर निघा सगळे" म्हणत जिन्याकडे धावली. चौकात पोचल्यावरच थांबली.

मुलीची आई रडवेली होऊन मागे आली. पहारेकरी धापा टाकत आला.

"अम्मा, कुछ नहीं हुआ. बाजू से लॉरी गई तो ये रोज बजते."

लोक हसत होते. आता माय मला घेऊन सरळ गाडीत बसणार, दुसरं काही होणार नाही, असं मला वाटलं. मायनं मुलगी तिच्या आईकडे दिली, पदर सारखा केला आणि जिन्याकडे बघत राहिली.

"म्या म्हातारी. लेकरू घेऊन उतरले," ती म्हणाली. "चल तुझ्या हाटेलात."

वसतिगृहाच्या अंगणात ती उभी राहिली आणि मला वर जायला सांगितलं. "म्या हाक मारली की पळत ये."

मी तिसऱ्या माळ्यावरून धावत आले. व्हरांड्यातल्या मुली बघत होत्या.

"आता डोळे झाकून."

कठड्याला हात लावत मी पुन्हा उतरले. खालच्या वळणावर कुणाच्या तरी चपलांना अडखळले, पण पडले नाही. डोळे उघडले तेव्हा माय समोर होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"रहा," ती म्हणाली. मग व्हरांड्यातल्या मुलींकडे वळली. "अन् तुमी, बायांनो, जिन्यात चपला काढू नका. माझी लेक हितं राहणार हाय."