सासू-सुनेची फुगडी

लतिकाबाई सबनीस म्हणजे दादरच्या मंगळागौरीच्या खेळांतली म्होरकी. साठी उलटली तरी फुगडीत त्यांच्यापुढे कोण टिकेल, दाखवा! नोकरी विमा कंपनीत केली, पण जीव सगळा या खेळांत. आणि तीन वर्षांपूर्वी याच बाईच्या उजव्या कानाने दगा दिला. कान गच्च व्हायचा, शिट्टी वाजायची आणि घर गरगर फिरायला लागायचं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, मीठ तोडायला लावलं आणि बजावलं, "हे औषध बरेच दिवस चालणार आहे. मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

बाईंनी ही गोष्ट घराबाहेर फुटू दिली नाही. चक्कर येणाऱ्या बाईला फुगडीला कोण बोलावणार? वर्षभर त्रास झाला नाही, तेव्हा श्रावण लागताच त्यांनी आपल्याच मनाने गोळ्या थांबवल्या, आणि हे तर घरातही कुणाला सांगितलं नाही. काय म्हणावं या हट्टाला!

आज नव्या सुनेची, मनवाची, पहिली मंगळागौर. भाजणीचे वडे, मटकीची उसळ, वर लोणचं, बाईंनी सगळं यथेच्छ हाणलं होतं. झिम्मा रंगला आणि बायकांनी गिल्ला केला, "सासू-सुनेची फुगडी झालीच पाहिजे!"

नेमका तेव्हाच उजवा कान गच्च झाला.

पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? पदर खोचला, मनवाचे हात धरले. फुगडीत दोघी मागे रेलतात. एकीची पकड सुटली की दुसरी आपटलीच. मनवाच्या मागे तर गौरीचा चौरंग आणि पेटती समई.

पहिल्या गिरक्या बऱ्या गेल्या. मग कानात शिट्टी उठली आणि वरचा पंखा पायाखाली आला. खाली कुठे, वर कुठे, काही कळेना. तळवे घामाने निसटायला लागले. पोरगी समईवर जाईल, जाईल, एवढंच डोक्यात. बाईंनी नखं रुतेपर्यंत मनगटं आवळली आणि तशाच मटकन खाली बसल्या. त्यांच्याबरोबर मनवाही धपकन बसली.

बायकांना हसू आवरेना. "अगं बाई, सासूबाई दमल्या! आणखी एक होऊन जाऊ दे!"

मनवा मात्र सासूच्या डोळ्यांकडे बघत होती. बुबुळं सारखी एका बाजूला धावत होती.

"आई, गोळी घेतली होती ना?"

हो म्हटलं असतं तर झाकलं गेलं असतं. बाईंना मळमळून आलं, रडूही आलं.

"श्रावण लागल्यापासून बंद केल्यात गं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "मला चक्कर येते. तीन वर्षं झाली. तुला आज पाडलं असतं मी."

हसणं जागच्या जागी थांबलं. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

"सोडा हात आता, आई. आडव्या व्हा," मनवा म्हणाली.

पण सगळी खोली अजून फिरत होती, आणि लतिकाबाईंना तिचे हात सोडायची हिंमत होत नव्हती.