उलटं करून पाहिलेलं दर्शन

माझी मावशी देवावर डोळे मिटून विश्वास ठेवते. देवाच्या माणसांवर मात्र दुधावर ठेवते तेवढाच, म्हणजे तापवून झाल्यावर. डॉक्टरने गोळ्या दिल्या की त्याच्या देखतच पाकिटावरची तारीख वाचते. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने नवऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला, "आधीची नोकरी का सोडलीस?" त्याने दिलेलं उत्तर तिला अजून पटलेलं नाही, आणि आता तर मलाही पटेनासं झालंय. घरात तिला सगळे फौजदार म्हणतात, अर्थात ती खोलीबाहेर गेल्यावर.

हा स्वभाव धंद्याने आला की स्वभावाला धंदा सापडला, ते देव जाणे. शर्टांच्या कारखान्यात ती तपासनीस आहे. शिवून आलेला शर्ट तिच्या टेबलावर पडला की ती आधी तो उलटा करते. बाह्या आतून, खांदा आतून, काखेची शिवण बोटाने ओढून. "वरून सगळेच शर्ट साहेब असतात," असं ती म्हणते. आणि एक गोष्ट तिने मला लहानपणीच शिकवली होती: जिथे शिलाई नको इतकी नीटनेटकी असते, तिथे खाली हमखास काहीतरी फाटलेलं असतं.

आमची ख्रिस्ती मंडळी छोटी आहे. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, तिथे रविवारी उपासना होते. प्रार्थनेला डोळे मिटले की खालून रबराचा वास येतो. उपासना संपली की खुर्च्या गोल मांडायच्या, चहा घ्यायचा आणि त्या दिवशीच्या वाचनावर ज्याला जे विचारायचं ते विचारायचं, अशी आमची जुनी रीत. पाळकसाहेब सडपातळ, शांत गृहस्थ. मावशीने तोंड उघडलं की ते कप खाली ठेवतात, कारण चहा आता गार होणार हे त्यांना ठाऊक असतं.

एकदा वाचन होतं जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाचं. शिष्य प्रभूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, दोघांचंही नाही. देवाची करणी दिसावी म्हणून हा असा जन्मला. आणि त्याला दृष्टी देतो.

"पाप कोणाचंच नाही, हे ऐकून बरं वाटलं," मावशी म्हणाली. "पण मग करणी दाखवायची म्हणून त्या बिचाऱ्याने एवढी वर्षं चाचपडत काढायची? आणि ज्यांच्या दारी कोणी आलंच नाही ते आंधळे?"

पाळकसाहेबांनी मूळ भाषेत ते वाक्य कुठे तोडायचं यावर पंडितांचे वाद कसे आहेत ते समजावून सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाली, "माणूस चांगला आहे. शिलाई जरा जास्तच नीट घालतो."

मग शाळेची भिंत पडली.

आमच्या वस्तीतल्या शाळेची मागची भिंत. मधल्या सुट्टीत मुलं तिच्या सावलीत डबा खायला बसत. गुरुवारी ती पडली. काही मुलांची हाडं मोडली आणि एक मुलगा गेला. कारखान्यात मावशीच्या समोरच्या ओळीत कॉलर शिवणारी एक बाई बसते. सगळे तिला कॉलरवालीच म्हणतात. हा तिचा एकुलता एक मुलगा. बाप आधीच गेलेला. ती आमच्याच मंडळीतली.

पुढच्या रविवारी बेकरीवाली देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिली. कोपऱ्यावरची बेकरी तिची आणि तिच्या नवऱ्याची. त्यांचा मुलगा त्याच वर्गात होता, पण त्या दिवशी घरी होता. ती म्हणाली, आदल्या रात्री पांढऱ्या कपड्यातला एक पुरुष पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, 'लेकराला उद्या पाठवू नकोस.' हॉल गहिवरून गेला. मागच्या रांगेतून आमेन, आमेन झालं. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

कॉलरवाली भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. तिने आमेन म्हटलं नाही आणि रडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन तिने मावशीला विचारलं, "ताई, तो माझ्या घरी का नाही आला? आमचं दार तर दोन घरं सोडूनच आहे." मग उत्तर कॉलरवालीने स्वतःच शोधलं. गेलं वर्षभर ती रविवारी ओव्हरटाइम करत होती, मुलाच्या बुटांसाठी, दप्तरासाठी. उपासना चुकत होती. देवाने त्याचाच जाब घेतला. तिचं जेवण सुटलं, कॉलरी वाकड्या यायला लागल्या. शेवटी तिने ठरवलं की येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं: माझ्या पापामुळे माझं मूल गेलं.

"आणि एकदा हे ती मोठ्याने बोलली," मावशी मला म्हणाली, "की जन्मभर पुसलं जायचं नाही. लोक मान डोलावतील बघ. लोकांना असलं फार आवडतं."

"मग तू काय करणार?"

"ते दर्शन उलटं करून बघणार."

मला धडकी भरली. दुसऱ्याच्या दर्शनात हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं. पण मावशी एव्हाना चप्पल घालून जिन्यात होती. मी मागोमाग गेले.

बेकरीत ताज्या पावाचा वास होता. बेकरीवाली आम्हाला बघून हसली, पण हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली. मावशीने पाव मागितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो उभा कुठे होता गं?"

"पायथ्याशी."

"दाराकडून आला की खिडकीकडून?"

"प्रकाशातून आला, ताई."

"आणि काय म्हणाला?"

तिने तेच वाक्य सांगितलं. शब्द न शब्द तोच, थांबायची जागाही तीच. मावशीने पाव पिशवीत टाकला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी काल काय जेवले ते दोनदा विचारलंस तर मी दोनदा वेगळं सांगेन. हिचं इस्त्री केलेलं आहे."

"अगं, देवाचे शब्द कोणी विसरतं का?"

"असेल." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पण तिचा पोरगा मंगळवारीपण बेकरीतच होता. पिठाच्या पोत्यावर बसून पाय हलवत होता. दुपारी पाळी सुटल्यावर पाव घ्यायला गेले तेव्हा मी पाहिला. बुधवारीसुद्धा. दर्शन झालं बुधवारी रात्री. मग मंगळवारी त्याला कोणी सांगितलं घरी राहायला?"

मी म्हटलं, ताप असेल. मावशी म्हणाली, तापातलं पोरगं पोत्यावर बसून पाय हलवत नाही.

रविवारी वाचन काय असावं, तर प्रभू जन्मला त्या गावातली तान्ही मुलं राजाने मारल्याचं. पाळकसाहेबांनी मुद्दाम निवडलं की पाळीने आलं, मला माहीत नाही. मावशीला अर्थातच संशय आहे. खुर्च्या गोल झाल्या. चहा आला. कॉलरवाली पदर घट्ट ओढून उभी राहिली आणि म्हणाली, "मला काही कबूल करायचंय."

"आधी माझा प्रश्न," मावशी म्हणाली. "वाचनावरचा आहे. रीत आहे."

कॉलरवाली गोंधळून खाली बसली. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला.

"प्रभूच्या बापाला, योसेफाला, स्वप्नात दूताने सांगितलं, बाळाला घेऊन पळ. तो पळाला. बाकीच्या बापांना का नाही सांगितलं? एक रात्र, एक गाव. दूताला काय, शेजारचं दार वाजवायला वेळ नव्हता?"

कोणीतरी च्च् केलं. पाळकसाहेब म्हणाले, "काही जण म्हणतात, ते पूर्वी लिहिलेलं होतं, तसं घडलं. काही म्हणतात, ती लेकरं प्रभूसाठी मेलेली पहिली माणसं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी," ते म्हणाले, "त्या ओळीवरून लवकर पुढे जातो. इतकी वर्षं जातोय. शास्त्रात त्या आयांचं रडणं लिहिलंय. त्यांची समजूत कोणी घातली असं लिहिलेलं नाही. मला उत्तर माहीत नाही, बाई."

माझ्या आठवणीत पाळकसाहेबांच्या उत्तरावर मावशीने पहिल्यांदाच मान डोलावली. मग ती बेकरीवालीकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"तुला मात्र सांगितलं. हो ना? बुधवारी रात्री. मग मंगळवारी पोरगा पोत्यावर का बसला होता गं?"

बेकरीवालीचा नवरा उठला. "हे काय चाललंय? देवाच्या घरात उलटतपासणी?" पण बायकोने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. तिच्या दुसऱ्या हातात चहाची बशी तशीच होती.

"मी शाळेत पाव पोचवते," ती म्हणाली. "मागच्या फाटकाने जाते. भिंतीला तडा होता. बाहेरून, गल्लीच्या बाजूने. सोमवारी त्यातून माती गळताना पाहिली. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, आपलं पोरगं घरी ठेव, बाकी आपल्याला काय करायचंय? शाळेला नावं ठेवली तर पावाची ऑर्डर जाईल. मलाही वाटलं, उगाच नसती भानगड."



"म्हणजे तो पांढऱ्या कपड्यातला खोटा?" मी विचारलं. न राहवून.

"नाही!" ती एकदम म्हणाली. "आला होता. शप्पथ. पण नंतर आला. भिंत पडल्यावर. आणि बोलला काहीच नाही. नुसता उभा राहून माझ्याकडे बघत होता."

ती खरं बोलत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मावशीला विचारलं तर ती खांदे उडवते. शर्टाचं असतं तसं दर्शनाचं नसतं, आतली बाजू हाताला लागत नाही.

कॉलरवाली पुन्हा उभी राहिली होती. आम्हा सगळ्यांना वाटलं आता ही बेकरीवालीच्या झिंज्या उपटणार. मी तर मधे पडायच्या तयारीत होते. पण तिने विचारलं, "केवढा होता तडा?"

"अं?"

"केवढा होता, दाखव."

बेकरीवालीने बशी खुर्चीवर ठेवली आणि जमिनीपासून हात वर नेत नेत कमरेच्या जरा वर थांबवला. "एवढा."

कॉलरवाली त्या हाताजवळ गेली. त्या उंचीकडे पाहत राहिली.

"एवढाच होता माझा," ती म्हणाली.

बेकरीवालीने हात खाली घ्यायला सुरुवात केली, तशी कॉलरवाली ओरडली, "घेऊ नकोस खाली!" आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती ओक्साबोक्शी रडली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. नवरा जिन्याकडे गेला, पण उतरला नाही. बेकरीवाली हात तसाच धरून उभी होती. खांदा भरून आला, तरी तिने हात हलवला नाही.

रडणं ओसरल्यावर कॉलरवाली म्हणाली, "तुला मी माफ केलेलं नाही. करीन असंही नाही." मग पाळकसाहेबांकडे वळली. "मला कबूल करायचं होतं ते आता नाही करायचं. मी ओव्हरटाइम बुटांसाठी केला होता."

"हो," ते म्हणाले. "बुटांसाठीच."

घरी जाताना मला मावशीचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका. म्हटलं, "तुझा संशय खरा निघाला! त्या बाईला वाचवलंस तू."

मावशी टायरच्या दुकानापाशी थांबली.

"मंगळवारी," ती म्हणाली, "भर शाळेच्या वेळेला पोरगा पोत्यावर बसलेला मी पाहिला. दुधाचा वास घेते मी. डॉक्टरच्या गोळ्या तपासते. आणि त्याला विचारलं नाही, 'का रे, शाळा नाही आज?' त्याने सांगितलं असतं गं. पोरं सांगतात. पाव घेतला आणि घरी आले."

मी तिचा हात धरला, तिने तो धरू दिला.

मावशी अजून त्याच टेबलावर शर्ट उलटे करते, रविवारी पाळकसाहेबांचा चहा गार करते. बेकरीत मात्र ती पाव घ्यायला जात नाही. आणि रस्त्यात शाळेच्या वेळेला कुठलंही मूल दिसलं, ओळखीचं असो वा नसो, की ती त्याच्यासमोर उभी राहून विचारते, "का रे, शाळा नाही आज?" मग पिशवी खाली ठेवून ते काय सांगतं ते शेवटपर्यंत ऐकते.